प्रोटेस्टंट चर्च टिकलं ते कोणाच्या जोरावर? राजे, राजकारण आणि मठांच्या जमिनी

दगडी_चावडी (धागाकर्ता)

३० जुलै १५४० रोजी लंडनच्या स्मिथफील्डमध्ये एकाच दिवशी सहा जणांना मारलं गेलं. रॉबर्ट बार्न्स, विल्यम जेरोम आणि थॉमस गॅरेट हे तिघे जर्मन धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या मताचे प्रचारक होते. त्यांना पाखंडी ठरवून जिवंत जाळलं. उरलेले तिघे पोपला मानणारे कॅथलिक धर्मगुरू होते. त्यांना राजद्रोही ठरवून फासावर चढवलं आणि देहाचे तुकडे केले. दोन्ही शिक्षा एकाच राजाच्या, आठव्या हेन्रीच्या राज्यात झाल्या. रोमशी नातं तोडून त्याला जेमतेम सहा वर्षं झाली होती.

शाळेच्या इतिहासात आपण पापमुक्तिपत्रांची विक्री, विटेनबर्ग, ९५ मुद्दे हे सगळं वाचतो आणि पुढचं वाक्य येतं की धर्मसुधारणा 'युरोपभर पसरली'. ती कशी पसरली हे मात्र कोणी सांगत नाही. गेली काही वर्षं मी याच प्रश्नाच्या मागे आहे. माझं मत असं झालं आहे की ल्यूथरचा विचार लोकांच्या मनाला भिडला हे खरं, पण तो विचार चर्च म्हणून उभा कुठे राहिला आणि कुठे चिरडला गेला, हे बहुतेक ठिकाणी तिथल्या सत्तेने ठरवलं. आणि एकदा मठांच्या जमिनी वाटल्या गेल्या की परतीची वाट बंद झाली.

सुरुवात सॅक्सनीपासून करू. ल्यूथरच्या शंभर वर्षं आधी बोहेमियात यान हुसने पोपच्या सत्तेवर असाच हल्ला चढवला होता. जर्मन राजा सिगिसमुंडने (पुढे तो सम्राट झाला) त्याला सुरक्षित प्रवासाची हमी दिली, कॉन्स्टान्सच्या परिषदेत बोलावून घेतलं आणि १४१५ मध्ये तिथेच त्याला जाळलं गेलं. ल्यूथरचंही तेच व्हायला हवं होतं. झालं नाही, कारण तो सॅक्सनीचा फ्रेडरिक याच्या राज्यात, त्यानेच काढलेल्या विद्यापीठात शिकवत होता. हा फ्रेडरिक काही सुधारक नव्हता. विटेनबर्गच्या किल्ल्यातल्या चर्चमध्ये त्याने संतांचे १९ हजारांहून जास्त अवशेष जमवले होते आणि त्यांच्या दर्शनाने पापाची शिक्षा कमी होते अशीच तिथली श्रद्धा होती. पण सम्राट निवडणाऱ्या सात निर्वाचकांपैकी तो एक होता. जानेवारी १५१९ मध्ये सम्राट मॅक्सिमिलियन वारला. स्पेनचा चार्ल्स निवडून येऊ नये अशी पोप दहाव्या लिओची इच्छा होती, त्यासाठी फ्रेडरिकला दुखावणं परवडणारं नव्हतं. म्हणून ल्यूथरचं प्रकरण ऐन मोक्याच्या वेळी थंड पडलं. त्या काळात ल्यूथरच्या पुस्तिकांवर पुस्तिका छापून जर्मनीभर गेल्या.

१५२१ मध्ये वर्म्सच्या सभेत नव्या सम्राटाने, म्हणजे त्याच चार्ल्सने, ल्यूथरला कायद्याबाहेर घोषित केलं. परतीच्या वाटेवर फ्रेडरिकच्या माणसांनी ल्यूथरला 'पळवून' वार्टबर्गच्या गढीत लपवलं. नव्या कराराचं जर्मन भाषांतर त्याने तिथेच केलं आणि ते सप्टेंबर १५२२ मध्ये छापून निघालं. राजाश्रयाची गढी नसती तर ते भाषांतर कधी झालं असतं का, हा प्रश्न मला सोडत नाही.

मग १५२४-२५ चं शेतकऱ्यांचं बंड आलं. बंडखोरांनी बायबलच्याच आधाराने वेठबिगारी आणि जाचक देण्यांविरुद्ध मागण्या मांडल्या होत्या. ल्यूथरने आधी दोन्ही बाजूंना सुनावलं, नंतर मात्र बंडखोरांना निर्दयपणे ठेचून काढा असं राजेरजवाड्यांना सांगणारी पुस्तिका लिहिली. हजारो शेतकरी मारले गेले. माझ्या दृष्टीने हा या सगळ्या इतिहासातला सर्वात दुःखद वळणबिंदू आहे. त्यानंतर सुधारणेचं चर्च गावकऱ्यांच्या हातून निसटलं आणि दरबाराच्या हाती गेलं. गावोगावच्या चर्चची तपासणी करायला माणसं पाठवायची ती राजाच्या हुकमाने, आणि पाळकांना शिस्त लावणारं मंडळही राजाचंच.

त्याच १५२५ मध्ये प्रशियात एक थेट व्यवहार झाला. ट्यूटॉनिक ऑर्डर ही लढवय्या संन्याशांची संघटना. तिचा प्रमुख अल्ब्रेख्ट याने ल्यूथरचा सल्ला घेतला, संन्यासव्रत सोडलं आणि संघटनेचा प्रदेश पोलंडच्या राजाचं मांडलिकत्व पत्करून स्वतःच्या घराण्याच्या नावावर करून घेतला. जगातलं पहिलं ल्यूथरन राज्य ते हेच.

आता इंग्लंड. हेन्रीला कॅथरिनशी झालेला विवाह रद्द करून हवा होता हे सगळ्यांना माहीत असतं. पोपने तो का दिला नाही, हे जास्त महत्त्वाचं. अशा परवानग्या राजघराण्यांना मिळत असत. पण १५२७ मध्ये सम्राट चार्ल्सच्या सैन्याने रोम लुटलं, पोप सातवा क्लेमंट त्याच्या तावडीत सापडला, आणि कॅथरिन ही चार्ल्सची सख्खी मावशी. पोप 'हो' म्हणणार कसा? मग १५३३ मध्ये रोमकडे अपील नेण्यास बंदी झाली, १५३४ मध्ये राजा इंग्लंडच्या चर्चचा सर्वोच्च प्रमुख झाला, आणि १५३६ ते १५४० या चार वर्षांत सुमारे ८०० मठ बंद झाले. त्यांच्या जमिनींसाठी वेगळं खातं उघडलं गेलं. राजाने लढायांसाठी पैसा हवा म्हणून त्या विकल्या आणि सरदार, वकील, व्यापारी, गावचे मातब्बर यांनी विकत घेतल्या. श्रद्धेच्या बाबतीत हेन्री जुनाच राहिला. १५३९ च्या सहा कलमांच्या कायद्याने धर्मगुरूंचं ब्रह्मचर्य आणि मिस्सामधली (कॅथलिक उपासनेतली) जुनी शिकवण सक्तीची केली. म्हणून तर स्मिथफील्डला एकाच दिवशी दोन्ही बाजूंची माणसं मेली.

पुढचा भाग मला सर्वात बोलका वाटतो. १५५३ मध्ये कॅथरिनची मुलगी मेरी गादीवर आली. ती कट्टर कॅथलिक. तिने साधारण २८० प्रोटेस्टंटांना जाळलं आणि देश पुन्हा रोमला जोडला. पण पार्लमेंटने रोमशी समेट मान्य केला तो एका अटीवर: मठांच्या जमिनी ज्यांनी घेतल्या आहेत त्यांच्याकडेच राहतील. पोपच्या प्रतिनिधीला, कार्डिनल पोलला, ही अट गिळावी लागली. मेरीने आपल्या ताब्यातलं जेवढं होतं तेवढं परत दिलं, वेस्टमिन्स्टरचा मठ पुन्हा उघडला, आणि बाकी सरदारांनी एक एकरही सोडला नाही. त्यात मिस्साला श्रद्धेने जाणारे कॅथलिक सरदारही होते. माणसांची मनं बदलायला दोन-तीन पिढ्या गेल्या, सातबारा मात्र आधीच बदलला होता. १५५८ मध्ये मेरी वारली आणि पुढच्याच वर्षी एलिझाबेथने चर्च पुन्हा राणीच्या हाताखाली आणलं.

डेन्मार्क, स्वीडन, स्कॉटलंड, हॉलंड यांच्याबद्दल ज्यांना माहिती आहे त्यांनी जरूर भर घालावी.

---

उत्तरध्रुव

उत्तम धागा. मी बरीच वर्षं स्वीडनमध्ये राहते, त्यामुळे इकडचं लिहिते. तुमचा जमिनींचा मुद्दा इकडे आणखी उघडावाघडा दिसतो.

नोव्हेंबर १५२० मध्ये डेन्मार्कचा राजा दुसरा ख्रिश्चन याने स्टॉकहोममध्ये ऐंशीहून जास्त लोकांची मुंडकी उडवली. आर्चबिशप गुस्ताव ट्रोले त्याच्या बाजूने होता आणि खटलाही पाखंडाच्या आरोपावरून चालला. मेलेल्यांमध्ये गुस्ताव वासाचे वडील होते. गुस्ताव डालार्ना प्रांतात गेला, तिथल्या शेतकऱ्यांना घेऊन उठाव केला आणि १५२३ मध्ये राजा झाला. पण लढाईसाठी जहाजं आणि माणसं ल्यूबेक शहराने उधारीवर दिली होती. नवा राजा, रिकामा खजिना आणि दारात सावकार. देशातली साधारण पाचवा हिस्सा शेती चर्चकडे होती, राजाकडे त्याहून कितीतरी कमी.

१५२७ मध्ये वेस्तेरोसला सभा बोलावली. मागण्या मान्य होईनात तेव्हा गुस्ताव डोळ्यांत पाणी आणून म्हणाला की मी गादी सोडतो, आणि तो सभेतून उठून गेला. तीन-चार दिवसांत सभा नमली. बिशपांचे किल्ले आणि चर्चची 'जादा' संपत्ती राजाकडे आली. सरदारांना त्यांच्या पूर्वजांनी दान दिलेल्या जमिनी परत मागण्याचा हक्क मिळाला, म्हणजे तेही गप्प. धर्माबद्दल त्या ठरावात एवढंच होतं की देवाचं वचन शुद्ध स्वरूपात शिकवलं जावं. पोप, मिस्सा, संत यांबद्दल जवळजवळ काही नाही.

मग घंटा. ल्यूबेकचं उरलेलं कर्ज फेडायला १५३१ मध्ये राजाने प्रत्येक गावच्या चर्चकडून एक घंटा मागितली. त्या काळी घंटा गावाने वर्गणी काढून ओतलेली असायची. जन्म, मरण, आग, वादळ, सगळं त्या घंटेवर कळायचं. डालार्नाच्या ज्या लोकांनी गुस्तावला राजा केलं, तेच उठले आणि घंटा उतरवायला आलेल्यांना त्यांनी पिटाळलं. १५३३ मध्ये राजा सैन्य घेऊन आला आणि म्होरक्यांना मारलं. दहा वर्षांनी स्मोलांडमध्ये निल्स डाकेचं बंड झालं. त्यांच्या तक्रारींत कर होतेच, आणि चर्चमधली चांदीची भांडी नेली, जुनी उपासना बंद केली हेही होतं. डाके १५४३ मध्ये मारला गेला.

आणखी एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. स्वीडनचा मुख्य सुधारक ओलाउस पेत्री विटेनबर्गला शिकून आला होता. त्याने राजाच्या चर्चवरच्या अरेरावीवर टीका केली. १५४० मध्ये राजाने त्याला आणि आपला जुना सल्लागार लाउरेंतिउस आंद्रे याला मृत्युदंड सुनावला. नंतर दंड भरून दोघे सुटले. ज्यांच्या विचारांच्या बळावर राजाने चर्च ताब्यात घेतलं, त्यांचीच ही गत.

---

वसईचा_वारा

मी कॅथलिक आहे, म्हणून थोडं वेगळ्या बाजूने. दगडी_चावडी, तुमची मांडणी मला पटते, पण चर्चवर हात ठेवण्याची इच्छा फक्त प्रोटेस्टंट राजांना होती असं कोणी वाचू नये.

फ्रान्सच्या पहिल्या फ्रान्सिसने १५१६ मध्येच पोपशी बोलोन्याचा करार केला. बिशप आणि मठाधिपती कोण असावेत हे सुचवण्याचा हक्क त्यामुळे राजाला मिळाला. स्पेनच्या राजांकडेही असे अधिकार होते. हेन्रीला जे मिळवायला रोमशी फारकत घ्यावी लागली, ते या दोघांच्या खिशात आधीच होतं. त्यांनी रोमशी भांडायचं कशासाठी? फ्रान्स आणि स्पेन कॅथलिक राहिले यामागे श्रद्धा होतीच, पण हाही हिशेब होता.

आमच्याकडे तर हे अगदी घरचं आहे. पोर्तुगीज राजाला 'पाद्रोआदो' म्हणून हक्क होता: त्याने चर्च बांधायची, धर्मगुरूंचा खर्च करायचा, आणि बदल्यात बिशप त्याने सुचवायचे. वसई, साष्टी, गोवा इथली जुनी चर्च त्याच व्यवस्थेतली. पुढे रोमने स्वतःच्या 'प्रोपगंडा' या धर्मप्रसाराच्या विभागामार्फत थेट धर्मगुरू नेमायला सुरुवात केली तेव्हा मुंबईत कोणतं चर्च कोणाच्या ताब्यात यावरून १९ व्या शतकात मोठे वाद झाले. एकाच गावात दोन गट होते, दोघेही कॅथलिक, आणि भांडणाच्या मुळाशी लिस्बनच्या राजाचा हक्क.

आणि इंग्लंडमधल्या सामान्य माणसांबद्दलही कोणीतरी बोलायला हवं. १५३६ मध्ये उत्तरेकडे हजारो लोक ख्रिस्ताच्या पाच जखमांचं निशाण घेऊन उठले. मठ म्हणजे त्यांचा दवाखाना, धर्मशाळा, म्हातारपणाचा आसरा होता. त्यांचा पुढारी रॉबर्ट अस्क याने राजाच्या शब्दावर विश्वास ठेवून लोकांना घरी पाठवलं. पुढच्या वर्षी त्याला यॉर्कमध्ये फाशी दिलं. त्या लोकांनी पोपचं राजकारण जवळून कधी पाहिलंही नसेल. आपलं देऊळ वाचवायला निघालेली माणसं होती ती.

---

कुतूहल_२

सगळे प्रतिसाद वाचले. एक शंका: सम्राट चार्ल्सकडे स्पेन, नेदरलँड्स, निम्मी इटली, अमेरिकेची चांदी. जर्मनीतले हे छोटे-मोठे राजे त्याने दाबले का नाहीत?

---

मोडी_वाचक

@कुतूहल_२, उत्तराचा अर्धा भाग इस्तंबूलमध्ये आहे.

२७ ऑगस्ट १५२६ ला जर्मन राजांच्या श्पायर इथल्या सभेत ठरलं की तूर्त प्रत्येकाने देवाला आणि सम्राटाला जबाबदार राहून आपापल्या राज्यात काय ते करावं. दोनच दिवसांनी, २९ ऑगस्टला, मोहाचच्या लढाईत सुलतान सुलेमानने हंगेरीचं सैन्य संपवलं आणि हंगेरीचा राजा पळताना बुडून मेला. १५२९ मध्ये तुर्क व्हिएन्नाच्या तटाला भिडले. चार्ल्स आणि त्याचा भाऊ फर्डिनांड यांना सैन्य आणि पैसा हवा होता आणि तो जर्मन राजांकडूनच यायचा. प्रोटेस्टंट राजांना हे पक्कं माहीत होतं. आधी धर्माचं बोला, मग तुर्कांचं, असा त्यांचा पवित्रा राहिला. १५३२ मध्ये न्यूरेंबर्गला तह झाला तो याच दबावाखाली. शिवाय फ्रान्सचा कॅथलिक राजा सुलतानाशी हातमिळवणी करून चार्ल्सला दुसऱ्या बाजूने गुंतवून ठेवत होता.

चार्ल्सला मोकळीक मिळाली ती १५४६ नंतर. १५४७ मध्ये म्यूलबर्गला त्याने प्रोटेस्टंट राजांचा पूर्ण पराभव केला. त्यात त्याच्या बाजूने लढला सॅक्सनीच्या दुसऱ्या शाखेचा मॉरिस, जो स्वतः ल्यूथरन होता! त्याला चुलतभावाचं निर्वाचकपद हवं होतं, ते मिळालं. मग १५५२ मध्ये त्याच मॉरिसने फ्रान्सशी संधान बांधून सम्राटावरच चाल केली आणि चार्ल्सला इन्सब्रुकहून आल्प्स ओलांडून पळावं लागलं. फ्रान्सला याचा मोबदला म्हणून मेट्स, तूल, व्हर्दां ही शहरं मिळाली. १५५५ च्या ऑग्सबुर्गच्या तहात अखेर मान्य झालं की राज्याचा धर्म राजा ठरवेल, आणि ज्याला पटत नाही त्याने मालमत्ता विकून निघून जावं. हा हक्क फक्त कॅथलिक आणि ल्यूथरन यांना होता. फ्रेंच सुधारक कॅल्व्हिनच्या अनुयायांना त्यासाठी १६४८ पर्यंत थांबावं लागलं.

तुर्कांच्या छायेत एक वेगळीच गोष्टही घडली. सुलतानाचं मांडलिक असलेल्या ट्रान्सिल्व्हेनियात १५६८ मध्ये तोर्दाच्या सभेने ठरवलं की गावाने आपल्याला पटणारा उपदेशक ठेवावा आणि कोणावर जबरदस्ती होऊ नये. त्या काळातल्या युरोपात असा ठराव होऊ शकला, याचं मला आजही कौतुक वाटतं.

---

पानगळ

माझा मात्र मूळ मांडणीलाच विरोध आहे. सगळं श्रेय राजांना दिलं तर माणसं कुठे गेली?

फ्रान्स घ्या. राजा विरोधात, पार्लमेंटची न्यायालयं विरोधात, विद्यापीठ विरोधात. तरीही मे १५५९ मध्ये पॅरिसमध्ये चोरून सभा भरवून फ्रेंच प्रोटेस्टंटांनी देशभरच्या मंडळींसाठी (स्थानिक ख्रिस्ती समुदायांसाठी) श्रद्धेचा जाहीरनामा आणि नियम तयार केले. प्रत्येक मंडळीचे वडील (ज्येष्ठ कारभारी), त्यांच्यावर प्रांताची सभा, त्यावर देशाची सभा. राजाशिवाय चालेल असं चर्च त्यांनी उभं केलं. १५७२ ची सेंट बार्थोलोम्यूची कत्तल झाली, हजारो मेले, तरी ते संपले नाहीत. १५९८ मध्ये नांतच्या फर्मानाने त्यांना सवलती मिळाल्या. चौदाव्या लुईने १६८५ मध्ये ते फर्मान रद्द केलं. साधारण दोन लाख माणसं हॉलंड, इंग्लंड, ब्रांडेनबुर्ग, दक्षिण आफ्रिकेपर्यंत गेली. मागे राहिलेल्यांनी दऱ्याखोऱ्यांत रात्री उपासना चालू ठेवली आणि १७८७ मध्ये पुन्हा कायदेशीर अस्तित्व मिळवलं. शंभर वर्षं सत्तेने पाठलाग केला, तरी.

स्कॉटलंडमध्ये तर सुधारणा राज्यकर्त्यांच्या विरोधात झाली. १५६० मध्ये तिथल्या पार्लमेंटने पोपची सत्ता संपवली तेव्हा स्कॉटलंडची राणी मेरी (इंग्लंडची मेरी वेगळी) कॅथलिक होती आणि फ्रान्समध्ये होती. तिने त्या कायद्यांना मान्यता दिलीच नाही. ती परतल्यावर सुधारक जॉन नॉक्सने तिला तोंडावर सुनावलं. तिचा मुलगा जेम्स पुढे इंग्लंडचा राजा झाला आणि १६०४ मध्ये हॅम्प्टन कोर्टच्या सभेत म्हणाला, 'बिशप नाही तर राजा नाही.' त्याला बिशप का हवे होते हे यातच आलं.

आणि पुनर्बाप्तिस्मावादी? त्यांच्या बाजूने तर कुणीच नव्हतं. फेलिक्स मान्झला जानेवारी १५२७ मध्ये झ्यूरिचच्या लिमाट नदीत बुडवून मारलं, तेही प्रोटेस्टंट नगरसभेने. गुन्हा एवढाच की बाप्तिस्मा समजत्या वयात घ्यावा आणि चर्च राज्यापासून वेगळं असावं असं तो म्हणत होता. त्यांचे वारस, मेनोनाइट आणि हटराइट, आजही आहेत. धर्मस्वातंत्र्याची जी कल्पना आपण आज गृहीत धरतो, तिचं बीज कोणत्याही राजवाड्यात नाही, या बुडवलेल्या आणि जाळलेल्या माणसांकडे आहे असं मी ठामपणे म्हणेन.

---

दगडी_चावडी

@पानगळ, मान्झचं नाव इथे आलं याचा मनापासून आनंद झाला. पुनर्बाप्तिस्मावाद्यांबद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत. पण पाहा, टिकण्यासाठी त्यांना काय करावं लागलं. मोराव्हिया, विस्तुलेचा त्रिभुज प्रदेश, रशिया, मग अमेरिका. जिथे एखादा जमीनदार किंवा राणी चांगले शेतकरी हवेत म्हणून आसरा देईल तिथे जायचं आणि तो आसरा संपला की पुन्हा निघायचं.

फ्रान्स आणि स्कॉटलंडबद्दल मात्र मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे. फ्रेंच प्रोटेस्टंटांमागे कॉन्दे आणि कोलिन्यी यांच्यासारखे बडे सरदार होते, आणि नवारची राणी जान द'आल्ब्रे तर उघड प्रोटेस्टंट होती. तिचाच मुलगा हेन्री फ्रान्सचा राजा झाला. त्यासाठी तो १५९३ मध्ये कॅथलिक झाला खरा, पण नांतचं फर्मान काढणाराही तोच. स्कॉटलंडमध्ये १५६० साली फ्रेंच सैन्य बाहेर गेलं ते एलिझाबेथचं आरमार फोर्थच्या खाडीत आल्यावर. राजा नसेल तर सरदार, सरदार नसेल तर नगरसभा, तेही नसेल तर शेजारची राणी.

उलट बाजूने बोहेमिया पाहा. हुसच्या काळापासून दोनशे वर्षांची परंपरा, बहुसंख्य लोक कॅथलिक चर्चबाहेर. ८ नोव्हेंबर १६२० ला प्रागजवळ व्हाइट माउंटनची लढाई तिथले प्रोटेस्टंट कॅथलिक सम्राटाविरुद्ध काही तासांत हरले. २१ जून १६२१ ला प्रागच्या जुन्या चौकात २७ पुढाऱ्यांना मारलं, जमिनी जप्त करून निष्ठावंतांना दिल्या, आणि दोन-तीन पिढ्यांत देश कॅथलिक झाला. लोकांच्या श्रद्धेत काय कमी होती?

---

नगरची_वेस

माझं घराणं नगर जिल्ह्यातल्या मंडळीचं. हा धागा वाचताना सतत वाटत होतं की आमच्यापर्यंत आलेलं चर्च या भांडणांतूनच आलं आहे, म्हणून लिहितो.

एलिझाबेथ आणि जेम्सच्या चर्चमध्ये राहणं ज्यांना मान्य नव्हतं, त्यांतले काही १६२० मध्ये मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याला लागले. बिशप नको, प्रत्येक मंडळीने आपला कारभार पाहावा अशी त्यांची शिकवण. (तिथे सत्ता मिळाल्यावर त्यांनीही आपल्या चर्चसाठी लोकांकडून कर घेतला, तो १८३३ पर्यंत.) याच परंपरेतल्या लोकांनी काढलेल्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेचे गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट फेब्रुवारी १८१३ मध्ये मुंबईत उतरले. ईस्ट इंडिया कंपनीला मिशनरी नको होते, आणि त्यात ब्रिटन-अमेरिका युद्ध चालू. कलकत्त्याहून त्यांना आधीच हाकललं होतं. मुंबईतूनही परत पाठवायचे हुकूम निघाले. गव्हर्नर इव्हान नेपियन याच्याकडे त्यांनी विनवण्या केल्या. त्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटने कंपनीची सनद नवी करताना मिशनऱ्यांना येऊ देण्याची सोय केली आणि ते राहिले. पुढे १८३१ मध्ये नगरला ठाणं झालं आणि १८४२ मध्ये तिथून 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघू लागलं.

अमेरिकन बोर्डाच्या आधी एका राजानेच प्रोटेस्टंट मिशन भारतात पाठवलं होतं, हेही नोंदवतो. डेन्मार्कचा चौथा फ्रेडरिक. त्याने पाठवलेले त्सीगेनबाल्ग आणि प्ल्युटशाउ ९ जुलै १७०६ ला तमिळ किनाऱ्यावर तरंगंबाडीला उतरले. तिथल्या डॅनिश गव्हर्नरने त्सीगेनबाल्गला तुरुंगात टाकलं. राजाचं पत्र एकीकडे आणि व्यापारी कंपनीचा नफा दुसरीकडे.

स्कॉटलंडचा विषय निघाला म्हणून: १८४३ मध्ये मंडळीवर पाळक कोणी नेमायचा, जमीनदाराने की लोकांनी, यावरून स्कॉटलंडचं चर्च दुभंगलं. साडेचारशेहून जास्त पाळक सरकारमान्य चर्च, घर आणि पगार सोडून बाहेर पडले. मुंबईत डॉ. जॉन विल्सन यांनी त्यांच्याबरोबर जायचं ठरवलं आणि त्यांना जुन्या मिशनची इमारत सोडून शाळा वेगळी चालवावी लागली. आजचं विल्सन कॉलेज त्या बाजूचं आहे.

इंग्लंडच्या चर्चची गोष्ट वेगळी. मुंबईला १८३७ मध्ये बिशप आला, नेमणूक राजाच्या सनदेने आणि पगार हिंदुस्थानच्या महसुलातून. म्हणजे तो पैसा आमच्याच शेतकऱ्यांचा, त्यांतले बहुतेक ख्रिस्ती नव्हतेच. ते नातं १९२७ च्या कायद्याने तोडायचं ठरलं आणि १९३० मध्ये तुटलं. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपूरला अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल, बाप्टिस्ट, ब्रदरन, मेथडिस्ट, डिसायपल्स अशा मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. ज्या कारणांवरून इंग्लंड-स्कॉटलंडमध्ये माणसं फासावर गेली, ती कारणं नागपूरच्या त्या सभेत एकमेकांशेजारी बसली होती. नारायण वामन टिळकांनी १९१७ मध्ये मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' सुरू केला, त्यामागेही हीच ओढ होती: ख्रिस्त हवा, पण परक्या पैशाचा आणि परक्या हुकमाचा ताबा नको.

---

उत्तरध्रुव

@नगरची_वेस, फार मोलाची भर.

इकडे राजाच्या विरुद्ध चर्च उभं राहिल्याचंही उदाहरण आहे. १५९२ मध्ये स्वीडनची गादी सिगिसमुंडकडे आली. तो कॅथलिक आणि आधीपासून पोलंडचा राजा. तो इथे पोचण्याआधी, १५९३ च्या वसंतात, धर्मगुरू आणि दरबारी उप्सालाला जमले आणि ल्यूथरन श्रद्धापत्र हाच देशाचा पाया असं त्यांनी ठरवून टाकलं. ते मान्य केल्याशिवाय राज्याभिषेक नाही, असं त्याला सांगितलं. १५९८ मध्ये त्याचा लढाईत पराभव झाला आणि पुढच्या वर्षी गादी गेली. पडद्यामागे त्याचा चुलता कार्ल होता आणि गादी शेवटी त्यालाच मिळाली, हे खरं. पण ६६ वर्षांपूर्वी ज्या धर्मगुरूंनी वेस्तेरोसला मान खाली घातली होती, त्यांच्या नातवंडांनी राजाला अट घातली.

राज्यापासून चर्च वेगळं झालं ते थेट २००० साली. पालकांपैकी कोणी सभासद असेल तर मूल जन्मतःच सभासद व्हायचं, हा नियम १९९६ पर्यंत होता. सभासदांची वर्गणी आजही करखात्यामार्फतच कापली जाते.

---

कुतूहल_२

मोडी_वाचक, आभार. राजाने धर्म बदलला आणि प्रजेने साफ नाही म्हटलं, असं जर्मनीत कुठे झालं का?

---

दगडी_चावडी

हो, ब्रांडेनबुर्गमध्ये. १६१३ च्या नाताळात तिथला निर्वाचक योहान सिगिसमुंड कॅल्व्हिनच्या मताचा झाला. प्रजा ल्यूथरन, आणि त्याची बायको आना हीसुद्धा ल्यूथरन. तिने उघड विरोध केला. १६१५ मध्ये बर्लिनच्या चर्चमधल्या मूर्ती-चित्रं काढायला सुरुवात झाली तेव्हा दंगल उसळली. शेवटी त्याने लिहून दिलं की कोणावर सक्ती करणार नाही. पुढची दोनशे वर्षं राजघराणं एका पंथाचं आणि प्रजा दुसऱ्या, असंच चाललं.

१८१७ मध्ये त्याच घराण्याच्या तिसऱ्या फ्रेडरिक विल्यमने ९५ मुद्द्यांच्या त्रिशताब्दीला दोन्ही चर्च एकत्र करायचं ठरवलं आणि उपासनेची पोथी स्वतः बसून तयार केली. जुन्या ल्यूथरन मंडळ्यांनी ती वापरायला नकार दिला. पाळक तुरुंगात गेले, सायलेशियाच्या एका गावात चर्च उघडायला सैन्य पाठवावं लागलं. १८३८ मध्ये पास्टर काव्हेल यांच्याबरोबर शेकडो लोक दक्षिण ऑस्ट्रेलियाला निघून गेले, आणखी काही अमेरिकेला. १८४५ मध्ये नव्या राजाने मागे राहिलेल्यांना वेगळं चर्च म्हणून परवानगी दिली.

पोलंड आणि हंगेरी यांच्यावर स्वतंत्र धागा काढायला हवा. मोडी_वाचक, तोर्दाच्या ठरावापासून तुम्हीच सुरुवात करा, मी पोलंडच्या १५७३ च्या वॉर्सा कराराबद्दल लिहितो.